आमची पसंती आणि आमची लाज

गेल्या हिवाळ्यात आमच्या पुतणीच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. मुलांनी राजाराणीचे एक नाटक बसविले होते. त्यात पुतणीला काम मिळाले गड्याचे. कारण काय, तर म्हणे, "हिची अहिराणी चांगली आहे!" राजा, राणी, प्रधान, सेनापती सारे पुस्तकी भाषेत बोलत होते, अहिराणी बोलत होता तो एकटा गडी. तो तोंड उघडी आणि मांडव हसे. आम्ही हसलो. आमची आई पुढे सतरंजीवर बसली होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. पण घरी परतताना ती रिक्षात बराच वेळ गप्प होती, आणि मग एकच वाक्य बोलली : "राजा आपलामायक का बरं नही बोलना?"

राजा आपल्यासारखा का नाही बोलला, या तिच्या प्रश्नाला त्या रात्री आम्हांस उत्तर सुचले नाही. तेव्हापासून आयुष्यभर पाहिलेले खेळ आम्ही मनात पुन्हा चाळीत आहोत. त्या चाळण्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

वाचकहो, आम्ही नाटक-सिनेमाचे पंडित नव्हे, शौकीन आहोत. यात्रेच्या कनातीत, शहरच्या थेटरात आणि हल्ली हातातल्या मोबाईलवर, जेथे खेळ असेल तेथे आम्ही असतो. परंतु आपल्या लोकांत एक खोड आहे. पाहुण्याने विचारले, "काय भाऊ, कोणता खेळ आवडतो?" की आपण मोठ्या लोकांनी नावाजलेले एखादे नाव सांगतो, मग ते आपण पाहिलेले असो वा नसो, आणि रात्र जागून पाहिलेला तमाशा मात्र लपवितो. ज्याच्या तिकिटावर खेळ उभा राहतो त्यानेच आपली पसंती चोरून ठेवावी, हा कोठला न्याय? म्हणून आज आम्ही आमची पसंती उघड सांगणार. आमची कसोटी साधी आहे. खेळ पाहून घरी आल्यावर आपल्या घरातली माणसे, म्हणजे नांगर धरणारा बाप, निंदणी करणारी आई, माग चालविणारा भाऊ, पहिल्यापेक्षा मोठी दिसतात की लहान? मोठी दिसली तर खेळ आमचा. लहान दिसली तर खेळ कितीही गोड असो, त्याच्याशी आमचे भांडण आहे.

या कसोटीस उतरणारे नाटक जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच लिहिले होते. 'तृतीय रत्न' हे त्याचे नाव. त्यात राजा नाही, राणी नाही. एक कुणबी आहे आणि त्याची गरोदर बायको आहे. जोशी ग्रहांचे भय घालून त्यांना लुबाडतो, विदूषक मध्ये मध्ये चिमटे काढतो, आणि शेवटी नवराबायको दोघेही शिकण्यास निघतात. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले, कमिटीने ते पसंत केले नाही. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ते कागदातच पडून होते. छापून निघाले १९७९ साली. इकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्र त्याच्या पदांवर डोलू लागला. डोलला त्यात वावगे काही नाही, आम्हीही डोलतो. पण कुणब्याचे नाटक पेटीत आणि राजाचे नाटक गादीवर, ही वाटणी तेव्हाच झाली एवढे ध्यानी ठेवावे.

संगीत नाटकाशी आमचे वैर आहे असे मात्र कोणी समजू नये. बालगंधर्वांनी लहानपणी आमच्या जळगावात मेहबूबखां यांच्याजवळ गाण्याचे धडे घेतले, याचा आम्हांस अभिमान आहे. सर्व संगीत नाटकांत आमचे मन बसले आहे ते खाडिलकरांच्या १९११ सालच्या 'मानापमाना'वर. का, ते सांगतो. श्रीमंताची मुलगी भामिनी शूर धैर्यधराला तो गरीब आहे एवढ्यावरून झिडकारते, आणि पुढे तिचे तिलाच कळते की माणसाची किंमत पैशावर नाही, कर्तबगारीवर आहे. ही गोष्ट आमच्या घरची आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले. कोल्हापूरच्या गरीब मराठ्याच्या घरचा हा मुलगा. त्याने बालगंधर्वांच्या बरोबरीने उभे राहून मुंबई जिंकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला. २०२५ सालच्या जानेवारीत सुबोध भावे यांनी याच नाटकाचा चित्रपट केला, तेव्हा तो आम्ही मुलांना मुद्दाम दाखविला. गाणी त्यांना लांब वाटली. पण भामिनीचा तोरा उतरला तेव्हा पोरे खूश झाली.

आता चित्रपट. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोक पागनीसांच्या तुकोबांस हात जोडतात, आम्हीही जोडतो. पण खरे सांगू? आमचे डोळे जिजाईवर असतात. मूल आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात, आणि ही बाई पायीची वहाण हाती घेऊन विठोबाला जाब विचारण्यास देवळात शिरते! गौरीबाईंनी ही भूमिका अशी केली आहे की आमच्या गल्लीतली बाईच पडद्यावर आली असे वाटावे. संताच्या घरी चूल कोण पेटवीत होते, हे त्या चित्राने जगास दाखविले.

खानदेशच्या वाचकांना स्मिता पाटील कोण हे सांगावयास नको. घराणे शिरपूरचे. ३१ वर्षांचे आयुष्य, १९५५ ते १९८६. पण तेवढ्यात तिने पडद्यावरची कष्टकरी बाई बदलून टाकली. तिचा रंग सावळा, उन्हात काम करणाऱ्या बाईसारखा, आणि तिने तो झाकला नाही. तिचे दोन चित्रपट आम्ही सर्वांत वर ठेवतो.

पहिला श्याम बेनेगल यांचा 'मंथन', १९७६ सालचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन दोन रुपये काढून तो उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने स्वतःची गोष्ट पडद्यावर आणली! गावात दुधाची सोसायटी निघते, उपेक्षित वस्तीतले लोक सरपंचाविरुद्ध उभे राहतात, शहरातून आलेला डॉक्टर शेवटी निघून जातो आणि काम गावच्या माणसांनाच पुढे न्यावे लागते. सोसायटीच्या निवडणुका आपण काय कमी पाहिल्या आहेत? म्हणून तो चित्रपट आपणांस जितका समजेल तितका दुसऱ्यास समजणार नाही. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कानच्या महोत्सवात दाखविली गेली. दोन दोन रुपयांची वर्गणी कोठवर पोहोचली पाहा!

दुसरा केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला', स्मिता गेल्यावर १९८७ साली आलेला. सुभेदाराच्या हाती न लागणारी सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. सारे गाव तिला देऊन टाकण्यास तयार होते. दार अडवून उभा राहतो तो एकटा म्हातारा पहारेकरी अबूमियां. शेवटी बाया मिरचीची पूड हाती घेतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर ज्या बाया दिवसभर खोकत काम करतात, त्यांनी तो चित्रपट एकदा पाहावा. जे तिखट आपल्या डोळ्यांतून पाणी काढते त्याचे हत्यारही होते, हे त्यांना कोणी पढवावे लागणार नाही.

आता आमच्या भांडणाकडे येतो. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा', १९७२ सालचा. राम कदमांचे संगीत, डॉ. लागूंचा मास्तर, निळू फुले. आम्ही तो किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही, आणि उद्या लागला तर पुन्हा पाहू. पण आमच्या कसोटीस तो उतरत नाही. त्यात मास्तर म्हणजे देव आणि तमाशा म्हणजे चिखल. देव चिखलात पडला म्हणून आपण रडावयाचे! त्या चिखलात ज्यांची चूल आहे त्यांचे काय? कोणी म्हणेल, चंद्रकलेचाही शेवट करुण दाखविला आहे. मान्य. पण प्रेक्षक घरी जाताना "मास्तर फुकट गेला" असेच म्हणत जातो. त्यापेक्षा आम्हांस अनंत माने यांचा १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' जवळचा. त्यात हंसा वाडकर यांनी तमासगिरीण उभी केली ती माणूस म्हणून, आणि पुण्याच्या विजयानंद थेटरात तो चित्रपट १३१ आठवडे चालला.

आणि तमाशाला चिखल म्हणणाऱ्यांत आपण स्वतः किती आहोत? सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे पाहावयास जातो आणि रात्री कनातीत शिरतो. गावच्या यात्रेची सुपारी देताना फडमालकाशी भाजीसारखी घासाघीस करतो. घरच्या बायकांना "ते तुमच्यासाठी नाही" म्हणून सांगतो, आणि स्टेजवरची बाईही कोणाची तरी आई-बहीण आहे हे विसरतो. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे यात्रा बंद राहिल्या तेव्हा कित्येक तमाशा कलावंत कर्जात बुडाले, मजुरीला गेले. त्यांच्या घरी कोणत्या गावाने धान्याची गोणी पाठविली? सत्यशोधक जलसेवाल्यांना तमाशाची लाज वाटली नाही. त्यांनी ढोलकी-तुणतुणे तेच ठेवले, आतली गोष्ट बदलली, आणि सावकारी व शिक्षण यांवर गावोगाव बोलले. वाद्य हलके नसते. त्याला आपण काय बोलावयास लावतो तो प्रश्न आहे.

कारागिरांची गोष्ट निघाली तर मालेगावला विसरून चालणार नाही. ते सरकारी दप्तरात नाशिक जिल्ह्यात, पण आमच्या धुळ्याला खेटून. तेथील नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. काम करणारे यंत्रमागावरचे लोक. पुढे त्यांचा 'सुपरमॅन' आला; त्याच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला. कॅमेरा सायकलवर फिरे, बैलगाडीच्या जुवाची क्रेन होई. सुपरमॅन झालेला शफीक हा काडीसारखा माग-कामगार. पडद्यावर तो तंबाखू विकणाऱ्या दुष्टाशी लढला आणि पुढे स्वतः तोंडाच्या कर्करोगाने गेला. २०२५ साली मुंबईवाल्यांनी त्यांच्यावर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट काढला. त्या पोरांच्या मूळ चित्रांत चुका ढीगभर आहेत, आम्हांस दिसतात. पण बारा तास मागावर उभे राहून ज्यांनी सुटीच्या दिवशी जगाला हसविले, त्यांच्यापुढे आमची टोपी उतरते. त्यांचा सुपरमॅन त्यांच्यासारखाच बोलतो.

येथे आम्ही पुन्हा आईच्या प्रश्नाशी आलो. आपल्या बोलीत राजा बोलला तर लोक हसतील, अशी मांडववाल्यांची समजूत असते. ती खोटी आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. १९५१ साली त्या वारल्या. पण १९६१ सालच्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या ओव्या त्यांच्याच बोलीत गाइल्या गेल्या, तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक हसले नाहीत, डोळे पुसू लागले. आणि २०१६ सालचा नागराज मंजुळे यांचा 'सैराट'! नायिका करमाळ्याकडच्या रांगड्या भाषेत बोलते, ट्रॅक्टर चालविते, आणि सारा महाराष्ट्र तिच्यासारखा बोलू लागला. शेवटी त्या दोघा पोरांचे जातीच्या अभिमानापायी काय होते तेही त्या चित्राने दाखविले, आणि थेटरातून लोक मान खाली घालून बाहेर पडले. तेही गरजेचे होते. बोली हलकी नसते. तिला कोणते काम दिले यावरून लोक तिला हलकी समजतात. अहिराणी गाणी आज मोबाईलवर घरोघर वाजतात, लग्नात पोरे त्यांवर नाचतात. नाचावे, हसावे, पण आपल्या बोलीने फक्त हसवावे असे ठरवून दिले ते कोणी? रागावणे, रडणे, न्याय देणे, प्रेम करणे हे सारे आपण घरी याच बोलीत करतो ना?

म्हणून शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, आमचे सांगणे थोडके आहे. आपली पसंती लपवू नका. खेळाला जाल तर घरच्या बायामुलांना घेऊन जा, आणि परतताना वाटेत बोला : यात आपण कोठे होतो, मोठे होतो की लहान? तमाशाची सुपारी ठरेल ती पुरती द्या. आणि मुलांच्या शाळेत नाटक बसेल तेव्हा एकदा तालमीला डोकावून या.

आम्ही तर ठरविले आहे. येत्या संमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की गुरुजींना नमस्कार करून सांगणार : गुरुजी, गड्याचे काम आमच्या पुतणीला पुन्हा द्या, आमची तक्रार नाही, गडी असण्यात कमीपणा नाही. पण यंदा राजालाही अहिराणी बोलू द्या. तो अडखळला तर शिकविण्यास आमची आई मोकळी आहे.