ओवीवर पहारा कशाला?

ख्रिस्ती भजनी मंडळींनी टाळ-मृदंग हाती घेतले, देवळाच्या सभामंडपात वाढलेल्या एखाद्या बुवांनी त्यांस चाल बसवून दिली, अगर एखाद्या चित्रकाराने मरियेस लुगडे नेसविले, की आमच्या मंदिरसमाजातील काही मंडळींच्या भुवया चढतात. 'हा धर्मांतराचा नवा मुखवटा. आपल्या कलावंतांनी त्यापासून दूर राहावे,' असा निवाडा ते देऊन मोकळे होतात. या निवाड्याविरुद्ध आमचे अपील आहे.

प्रतिपक्षाचे दुःख आम्ही नाकारीत नाही. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे मोडली गेली, देवांस स्थलांतर करावे लागले. इन्क्विझिशनने १७३६ साली हुकूम काढून ख्रिस्ती घरांतील देशी गाणी व चालीरीती यांवर बंदी घातली. हे विसरा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण त्या हुकुमाचे मर्म काय होते? एतद्देशीय सूर त्या घरात शिरता कामा नये, हेच ना? मग तेच सूर आज स्वेच्छेने तेथे परतत असता आपण दारात काठी घेऊन उभे राहिलो, तर त्या मृत हुकुमाची अंमलबजावणी आपणच करीत नाही काय?

आणि हे सहकार्य नवे थोडेच आहे? फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण सुमारे ११ हजार ओव्यांचे आहे. तो साचा आमच्या संतकवींचाच. रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय रचून पुढे नेले. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका कला शिकले ती शांतिनिकेतनात, अवनींद्रनाथ व नंदलाल बोस या अख्रिस्ती गुरूंपाशी. त्यांची लुगड्यातील मरिया पाहून रोष झाला तो स्वधर्मीयांचाच. कॅथलिक असूनही त्यांस आसरा दिला तो पुण्यातील एका अँग्लिकन आश्रमाने. १९६७ साली ते निवर्तले. ज्या कलेस तेथे 'हिंदू' म्हणून झिडकारले, तीस येथे 'ख्रिस्ती' म्हणून झिडकारावे, हा कोणता न्याय?

देवाणघेवाण एकतर्फीही नाही. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेच्या देवळाचा घुमट आणि कमानदार खिडक्या पाहा; चर्चच्या बांधणीशी त्यांचे नाते उघड आहे. त्यामुळे देवी बाटली, असे कोणी म्हणत नाही. घेताना उदार आणि देताना कृपण, हा पक्ष कोणत्याच न्यायासनापुढे टिकणारा नव्हे.

राहिली धर्मांतराची शंका. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलेच आहे. आमिष वा जबरदस्ती दिसेल तेथे कायद्याकडे जावे. त्याची शिक्षा मृदंगास देऊ नये.

सहकार्यास अटी मात्र असाव्यात. आमची परंपरागत पदे शब्द फिरवून वापरू नयेत; रचना नवी असावी. चाल देणाऱ्याचे नाव कवीच्या नावाशेजारी छापले जावे आणि त्याची बिदागी बुडू नये. कोणी कोणाच्या उपासनेत सामील झालेच पाहिजे, असा आग्रह नसावा. एवढे पाळले जात असेल, तर बोलावणे आलेल्या बुवांनी खुशाल जावे, आणि परत आल्यावर देवस्थानच्या भजनात त्यांची जागा त्यांस पूर्वीच्याच मानाने मिळावी. ती देणे आपल्या हाती आहे.