अर्थविवेक : रेसची साइट निवडताना



‘घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचे तर कोणती साइट विश्वासार्ह समजावी?’ हा प्रश्न व्यापारी घरांतील तरुण आता मोकळेपणाने विचारू लागले आहेत. सप्तव्यसनांत द्यूताचे स्थान पहिले, एवढे सांगून वडीलधारे तो मिटवतात. परंतु तेवढ्याने तरुणांचे समाधान होत नाही. रेस म्हणजे जुगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे, हा त्यांचा युक्तिवाद असतो. म्हणून आज या प्रश्नाकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहू. नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देण्यापूर्वी आपण जी चौकशी करतो, तीच येथे करावी.

पहिली चौकशी कायद्याची. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला, हे खरे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किंवा पुण्यात परवान्याखाली शर्यती होतात, हेही खरे. मात्र ते संरक्षण मैदानापुरते आहे. मोबाइलवरील परदेशी साइटला ते आपोआप लाभत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि तेथे कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही. अशा खेळांची जाहिरात करणे व त्यांचे पैसे फिरवणे हेही त्यात गुन्हे ठरवले आहेत. परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांनीही लॉटरी, स्वीपस्टेक आदींसाठी परदेशी पैसा पाठवण्यास मनाई केलेली आहे. ‘आम्हाला अमुक बेटाचा परवाना आहे’ या साइटच्या वाक्याला येथे काडीचे मोल नाही.

दुसरी चौकशी अधिक महत्त्वाची : आपला पैसा नेमका कोणाच्या खात्यात जातो? अवैध साइट पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड देते, तो बहुधा साइटच्या नावाचा नसतो. आज एखाद्या किराणा दुकानाचा, उद्या एखाद्या कापड एजन्सीचा. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्याच खात्यांतून सायबर फसवणुकीत लुबाडलेला पैसाही फिरतो. फसलेल्या माणसाने 1930 या क्रमांकावर तक्रार केली की, पोलीस त्या पैशाचा माग खात्यामागून खाते काढत जातात. जिंकलेले पाच हजार अशा खात्यातून आपल्या खात्यात आले असतील, तर आपलेही खाते गोठू शकते. ते पेढीचे चालू खाते असेल, तर मालाचे धनादेश परत जातात, पगार अडतात आणि बाजारात कुजबुज सुरू होते.

व्यापारी कुटुंबांना आणखी एक धोका आहे. चालू खात्यात मोठी उलाढाल सहज खपते, म्हणून अशा खात्यांना मागणी असते. ‘फक्त खाते वापरू द्या, कमिशन घ्या’ असे सांगत मध्यस्थ तरुणांना गाठतात. पैज न लावताही घर तपासाच्या फेऱ्यात सापडते. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने महादेव बुकसह 22 बेकायदा सट्टा अ‍ॅप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले, ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. चोरीचा माल घेणे, म्हणजे ‘तदाहृतादान’, आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन, म्हणजे ‘विरुद्धराज्यातिक्रम’, हे अचौर्याणुव्रताचे अतिचार आपल्या आचार्यांनी शतकांपूर्वीच सांगून ठेवले आहेत. भाड्याने दिलेले खाते या दोन्हींत बसते.

तिसरी चौकशी वसुलीची. पाच हजारांचा बोनस मिळतो. पण तो वीस वेळा लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, अशी अट बारीक अक्षरांत असते. म्हणजे आधी एक लाखाच्या पैजा लावा! पुढे साइटने पैसे बुडवले तर? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही.

चौथी चौकशी नफ्याची. समजा, चार घोडे सारख्याच ताकदीचे आहेत. न्याय्य भाव तीनास एक. साइट देते अडीचास एक. चारही घोड्यांवर शंभर शंभर लावले, तर चारशे जातात आणि जिंकणाऱ्या घोड्यावर मुद्दलासह साडेतीनशे परत येतात. साडेबारा टक्के तूट भावातच दडलेली असते. ती एखाद्या दिवशी दिसत नाही, वर्षाअखेरीस दिसते. त्यावर कर. रेसमधील जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. वर्षभरात एक लाख जिंकले व एक लाख वीस हजार हरले, तर तोटा वीस हजारांचा. तरीही उपकरासह 31,200 रुपये कर भरावा लागतो. एकूण फटका 51,200 रुपयांचा. शिवाय परवानाधारक रेसकोर्सवरही 22 सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे. इतक्या वजावटीनंतर नफा उरेल असा धंदा आपल्यापैकी कोणी मांडला असता का?

चारही चौकशांत उत्तीर्ण होणारी साइट सापडत नाही. म्हणून निवडीचा प्रश्नच उरत नाही.

घरात मात्र तीन गोष्टी अवश्य कराव्यात. पेढीच्या खात्याचा उतारा महिन्यातून एकदा वडील व मुलगा यांनी एकत्र बसून पाहावा. अनोळखी नावाने आलेली रक्कम वापरू नये. बँकेला लेखी कळवावे. आणि कोणी तरुण यात अडकलाच असेल, तर त्याला बोलते करावे. अपमानाच्या भीतीने लपवलेला तोटा भरून काढण्यासाठी माणूस दुसरी पैज लावतो, आणि दहा हजारांचे दहा लाख तेथूनच होतात.

न्यायाने मिळवलेले धन हा मार्गानुसारी गृहस्थाचा पहिला गुण मानला आहे. पेढीची पत तीन पिढ्यांनी उभी केलेली असते. ती कोणत्याही घोड्यावर लावण्याची वस्तू नव्हे.