डिस्चार्ज कार्डावर एक रकाना हवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,


मी सरकारी रुग्णालयाच्या एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षातून, निवृत्त झालेली परिचारिका. एका बाळाची गोष्ट सांगते.

सोळाशे ग्रॅमचं ते बाळ अठरा दिवस आमच्याकडे होतं. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला नावाचा जंतू वाढला. रिपोर्टवर एकेका अँटिबायोटिकपुढे ‘आर’ लागलेला, म्हणजे औषध लागू नाही. हाताशी उरलेल्या शेवटच्या औषधावर बाळ तगलं. घरी जाताना आजीने सगळ्या सिस्टरांना पेढे दिले. डिस्चार्ज कार्डावर वजन आलं, लसीची तारीख आली, ‘जंतुसंसर्ग, बरा’ असंही आलं. जंतू कोणता आणि कोणत्या औषधांना तो जुमानत नाही, हे मात्र आलं नाही.

काही महिन्यांनी त्याच बाळाची आई तापाने फणफणत आली. लघवीचा संसर्ग. गावच्या डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या दिल्या. आठवडा त्यातच गेला. तिच्या रिपोर्टवरही तोच जंतू आणि तीच ‘आर’ची रांग. बाळाकडून आईला गेला की आईकडून बाळाला आला, ते कुणी तपासलं नाही. पण कार्डावर एक ओळ असती तर तो आठवडा वाचला असता.

बाळ बरं झालं म्हणजे जंतू गेला असं होत नाही. तो अनेकदा आतड्यात मुक्काम ठोकतो आणि लंगोट बदलणाऱ्या हातांवरून घरभर फिरतो. नॉर्वेत स्टाव्हांगरच्या रुग्णालयात २००८-०९ मध्ये नवजात कक्षात असाच क्लेब्सिएला पसरला होता. तिथल्या डॉक्टरांनी बाळांचा घरापर्यंत माग काढला. कित्येक बाळांच्या शौचात तो वर्ष उलटलं तरी सापडत होता, आणि तपासलेल्या घरांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात घरच्या माणसांपर्यंत पोहोचला होता.

आपल्याकडे प्रश्न याहून मोठा आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास झाला. रक्तात सापडलेल्या क्लेब्सिएलापैकी निम्म्याहून अधिक आणि असिनेटोबॅक्टर या दुसऱ्या जंतूपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद देत नव्हते. बहुतेक संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले होते, म्हणजे बाळ रुग्णालयात असतानाचेच. एका वॉर्मरवर दोन बाळं झोपवायची आणि एका सिस्टरने दहा बाळं बघायची, तर हात धुण्याच्या पायऱ्या भिंतीवरच्या तक्त्यातच राहतात. वॉर्मर आणि सिस्टर वाढवा, ही मागणी जुनी आहे. ती कायम आहे.

नवी मागणी लहान आहे. डिस्चार्ज कार्डावर एक रकाना छापा: कल्चरमध्ये आलेला जंतू, लागू पडणारी औषधं, न पडणारी औषधं. आईच्या पुढच्या बाळंतपणात किंवा घरातल्या कुणाच्या ऑपरेशनच्या वेळी ते कार्ड डॉक्टरांसमोर असावं.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको, घरोघरी जाणारी आशाताई आहेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवून आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन त्यांच्या हाती देऊन, तीन वर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. त्याच कामातून आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातेच. एके काळी गडचिरोलीत गावातल्या बाईच्या हातातलं इंजेक्शन जीव वाचवत होतं. आता कार्डावरची माहिती आशाताईच्या हाती द्या.

एक काळजी मात्र घ्या. या रकान्यामुळे बाळ-बाळंतिणीवर शिक्का बसता कामा नये. अंगावर पाजणं आणि उराशी धरणं चालूच ठेवायचं. धडधाकट माणसाच्या पोटातला जंतू बहुधा निमूट पडून असतो. त्याला घालवायला कुणी गोळ्या घेऊ नयेत. लंगोट बदलल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवावेत, आणि आजारी पडल्यावर कार्ड दाखवावं. आशाताईने एवढंच सांगायचं आहे.

महोदय, त्या बाळाचं कार्ड माझ्याच अक्षरात होतं. रिपोर्ट माझ्यासमोर होता. कार्डावर रकाना नव्हता, म्हणून मी लिहिलं नाही. माझ्या जागी आज जी सिस्टर बसली आहे, तिला तो रकाना छापून द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका