राष्ट्रपतींचं नाव मिळालेली ही समुद्री गोगलगाय पर्यटकांच्या पायाखाली राहतेय

फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलकात्याच्या झेडएसआयने, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने, सी स्लगची म्हणजे समुद्री गोगलगायीची एक नवी प्रजात जाहीर केली. नाव ठेवलं ‘मेलानोक्लॅमिस द्रौपदी’. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यावरून. बातमीत चर्चा झाली ती नावाची. ही गोगलगाय राहते कुठे, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

ती राहते पश्चिम बंगालच्या दिघा आणि त्याला लागूनच असलेल्या ओडिशाच्या उदयपूर किनाऱ्यावर. तेही खोल पाण्यात नाही, तर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत. लांबी फार तर ७ मिलिमीटर. रंग काळपट तपकिरी आणि मागच्या टोकाला माणकासारखा लाल ठिपका. शंख पाठीवर नाही, शरीराच्या आत. वाळूखालून सरकताना ती चिकट द्रव सोडते. त्याचं अंगाभोवती आवरण होतं आणि वाळूचे कण आत शिरत नाहीत. वर दिसतो तो फक्त तिच्या सरकण्याचा माग. किनाऱ्यावर फिरणाऱ्याला वाटतं, वाळू रिकामीच आहे.

खरी गोची इथेच आहे. तिचा प्रजननाचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी. आणि दिघ्याला बंगालची गर्दी लोटते तीही थंडीत, नाताळ आणि नववर्षाला. त्यात एप्रिल २०२५ मध्ये तिथे जगन्नाथ मंदिर उघडलं, म्हणजे जायला आणखी एक कारण. दुसरीकडे दिघ्याचा किनारा कित्येक वर्षं झिजतोय. गाव वाचवायला दगडी बांध घातले गेले. पण बांधावर आपटलेली लाट परतताना समोरची वाळू ओढून नेते. गाव वाचतं, भरती-ओहोटीमधला पट्टा मात्र आक्रसत जातो.

मग कायदा काय करतो? २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत हा पट्टा ‘१ बी’ वर्गात येतो. ऐकायला भक्कम वाटतं, पण बंदरं, जेट्टी, सागरी पूल आणि धूप रोखण्याची कामं यांना तिथेही परवानगी मिळू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा प्रजातींची यादी पाहून चालतो. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा या गोगलगायीचं बारसंही झालं नव्हतं.

या वंशातल्या बहुतेक प्रजाती समशीतोष्ण समुद्रातल्या. अस्सल उष्ण कटिबंधातल्या म्हणून संशोधकांनी मोजल्या त्या तीनच. एक थायलंडच्या आखातातली. उरलेल्या दोन, ‘बेंगालेन्सिस’ आणि ‘द्रौपदी’, याच बंगाल-ओडिशा किनाऱ्यावरच्या.