थायरॉइडची गोळी आणि दुखणारा घसा

‘थायरॉइडची गोळी’ या एकाच नावाने घरोघरी दोन निराळ्या प्रकारची औषधे ओळखली जातात. ग्रंथीचे कार्य मंदावले असता थायरॉक्सिन देतात. येथील विवेचन त्याविषयी नाही. ग्रंथी अतिक्रियाशील होऊन वजन उतरू लागले, छातीत धडधड होऊ लागली, हात थरथरू लागले, म्हणजे कार्बिमाझोल, मेथिमाझोल किंवा प्रोपिलथायोयुरासिल दिले जाते. १९४३ साली अमेरिकेत एडविन ॲस्टवूड यांनी या वर्गातील औषधांच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हापासून ती असंख्य रुग्णांना उपकारक ठरली आहेत.

तथापि हजारांत साधारणतः दोन ते पाच रुग्णांच्या बाबतीत एक गंभीर विपरीत परिणाम घडतो. औषधामुळे रोगप्रतिकार यंत्रणा बिथरते आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवरच उलटते. एका मायक्रोलिटर रक्तात हजारोंनी असणाऱ्या या पेशी ५०० च्या खाली येतात. मग किरकोळ जंतुसंसर्गही जिवावर बेततो. यास ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. बहुतेक वेळा तो उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत उद्भवतो.

पहिली लक्षणे अगदी साधी असतात : ताप, घसा दुखणे, तोंड येणे. नाशिकच्या पावसाळ्यात असा ताप हवामानाचा किंवा डेंग्यूचा समजला जातो. दुकानात सणासुदीची गर्दी असली की तापाची गोळी घेऊन गल्ल्यावर बसणारेही पुष्कळ. त्यातच डेंग्यूमध्येही पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून थायरॉइडच्या औषधाची माहिती न दिल्यास डॉक्टरांचीही दिशाभूल होऊ शकते.

अशा वेळी पुढील मात्रा न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, गोळीचे पाकीट दाखवावे आणि पांढऱ्या पेशींच्या प्रकारनिहाय गणनेसह सीबीसी करावी. महिन्यापूर्वीचा चांगला अहवाल पुरेसा नाही, कारण पेशी अचानक घटतात. निदान पक्के झाल्यास या वर्गातील कोणतेही औषध पुन्हा घेता येत नाही. किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय उरतात. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आयोडीनचे हे उपचार अनेक दशके होत आहेत.

औषधाचे नाव व ते सुरू केल्याची तारीख घरातील सर्वांना ठाऊक असावी. ताप चढलेल्या माणसाला ती आठवेलच असे नाही.