टायमिंग कानाने नव्हे, खुणेने लावा



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रकांची डागडुजी सुरू होते. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या कामाला आलेली मंडळी भेटली की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘गाडी ओढत नव्हती, पंप जरासा पुढं घेतला.’ आमच्या मते हा ‘जरासा’च मुळावर येतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत पंप डिझेल फवारतो आणि ते आपोआप पेटते. फवारा फार लवकर सुटला तर इंजिन ठोकते, हेड गॅस्केट आणि बेअरिंग मार खातात. उशिरा सुटला तर धूर, तापणे आणि डिझेलचा जादा खर्च. पुष्कळदा टायमिंग बरोबरच असते. दोष चोंदलेल्या फिल्टरचा किंवा नोझलचा निघतो. म्हणजे दुखणं पोटात अन् पट्टी डोक्याला!

खरी रीत अवघड नाही. पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनवर आणावा. पंपाच्या पहिल्या डिलिव्हरीतील व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढून तेथे वाकडी नळी लावावी आणि रॅक पूर्ण डिलिव्हरीवर ठेवावा. इंजिन चालीच्या दिशेनेच हळूहळू फिरवावे. मागे फिरवले तर गिअरची ढिलाई फसवते. नळीतली धार तुटून थेंबावर येते तोच फवाऱ्याचा आरंभ. त्या क्षणी फ्लायव्हीलवरची कंपनीने दिलेली खूण काट्यासमोर हवी. नसेल तर कपलिंग सरकवून पुन्हा तपासावे. नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॉमन रेल गाड्यांत हे हाताने लावायचे नसते, तिथं पाना घालूच नका.

कुणी म्हणेल, गाडी ठेकेदाराची, आपल्याला काय? अहो, तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच एफ.आर.पी.तून वजा होतो! शिवाय गाडी वाटेत बसली की तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. वजनाचा फटका ज्याचा ऊस त्याला, अन् उताऱ्याचा सगळ्यांनाच.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे : वाहतुकीचा करार करण्यापूर्वी प्रत्येक जुन्या गाडीचे टायमिंग, नोझल व फिल्टर जाणत्या मिस्त्रीकडून तपासावेत आणि त्याची नोंद कराराला जोडावी. तपासणीचा खर्च एका दिवसाच्या खोळंब्यापेक्षा जड नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय सभासदांनी लावून धरावा.

— एक ऊस उत्पादक सभासद, औरंगपुरा