दुसऱ्याचे ताट

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरी काही गोडधोड होते. कोठे श्रीखंडपुरी, कोठे पुरणपोळी. आमच्या कागलच्या घरी मात्र गेल्या वर्षी निराळाच बेत झाला. माझा धाकटा मुलगा केनिया देशातील नैरोबी शहरी काही वर्षे नोकरी करून परतला होता. त्याची मुलगी येथील शाळेतून सहावी उत्तीर्ण झाली. "तुझ्यासाठी काय करू?" असे आजीने विचारताच ती म्हणाली, "आजी, श्रीखंड नको. उगाली आणि सुकुमा विकी कर. माझ्या मैत्रिणींनाही बोलाव."

उगाली हे केनियातील रोजचे अन्न. उकळत्या पाण्यात मक्याचे पीठ थोडे थोडे टाकून लाकडी पळीने घोटीत राहावयाचे. घट्ट गोळा झाला, की उगाली तयार. सुकुमा विकी ही हिरव्या पानांची भाजी. स्वाहिली भाषेत या नावाचा अर्थ 'आठवडा ढकला' असा आहे. हाती पैसा थोडा असला, तरी ती आठवडा निभावून नेते. ती पाने कागलच्या बाजारात कोठून मिळणार? आजीने पालकावरच काम भागविले.

पाने वाढली. एका मुलीने नाक मुरडले. "हे तर म्हशीच्या आंबोणासारखं दिसतंय!" सगळ्या हसल्या. नात मात्र मान खाली घालून बसली. वर्षभर शाळेत ती केनियाचे नाव का काढीत नव्हती, हे मला त्या क्षणी उमगले.

मला माझाच एक जुना अपराध आठवला. मी शिक्षक असताना एक मुलगा मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून, फडक्याखाली झाकून शिळी भाकरी खात असे. पोळीचे डबे आणणारी मुले त्याला हसत. मी ते पाहिले आणि 'मुलेच ती' म्हणून सोडून दिले. पुढे तो शाळेत येईनासा झाला. त्याला कारणे अनेक असतील. त्यांतले एक तरी मला दूर करता आले असते.

म्हणून त्या दिवशी मी गप्प बसलो नाही. मी मुलींना सांगितले, "मका मूळचा अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर तो आफ्रिकेत गेला. आपली मिरचीही तिकडचीच. तिच्यावाचून कोल्हापूरचा तांबडा रस्सा होईल काय? १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून लोहमार्ग बांधण्यासाठी सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून गेले. त्यांतले सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. आपल्या लोकांबरोबर तिकडे गेलेली चपाती आज केनियात 'चपाती' याच नावाने ओळखली जाते. कित्येक घरी ती सणावारी होते. आपल्या आजी-पणजीच्या घरी तरी गव्हाची पोळी रोज कोठे होती? रोज जोंधळ्याची भाकरी, पोळी सणालाच!"

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातील चहा घेतला. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा तो चहा होता. अन्नपाण्यावरून माणसाला दूर लोटणे म्हणजे त्याचे माणूसपणच नाकारणे, हे महाराजांनी कृतीने दाखविले. त्या गावच्या मुलांनी एखाद्याच्या ताटाला हसावे काय?

कोणी म्हणेल, "जे रुचत नाही, तेही गोड मानावयाचे काय?" मुळीच नाही. एखादा पदार्थ न आवडणे हा दोष नव्हे. त्याला नावे ठेवणे हा दोष आहे. न आवडलेले अन्न नम्रपणे नाकारता येते. हसण्याने झालेली जखम मात्र लवकर भरत नाही.

नाक मुरडणारी ती मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग तिने नातीला विचारले, "हे खायचं कसं?" नातीने उगालीचा लहान गोळा वळला, अंगठ्याने दाबून त्यास खळगा केला आणि त्यात भाजी उचलली. मुलीने तसेच केले. "आमच्या आजीच्या कण्यांसारखं लागतंय," ती म्हणाली.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कोणी डबा झाकून जेवत असेल. उद्या त्याच्याशेजारी जाऊन बसा.